घरचे इंटरनेट वारंवार का तुटते? दोष शोधण्याचा क्रम आणि ग्राहकाचे हक्क : तंजावरच्या परिस्थितीतून एक आढावा

तंजावर : घरात इंटरनेटची जोडणी आहे, देयकही वेळेवर भरलेले आहे, तरीही दिवसातून दहा वेळा संपर्क तुटतो आणि दोन-तीन मिनिटांनी आपोआप परत येतो. पूर्णपणे बंद पडलेल्या इंटरनेटपेक्षा हा दोष अधिक त्रासदायक ठरतो. कारण तंत्रज्ञ तपासणीला येतो तेव्हा सर्व काही सुरळीत असते, तक्रार 'निवारण झाले' असा शेरा मारून बंद केली जाते आणि त्याच संध्याकाळी पुन्हा तोच अनुभव येतो. अशा वेळी दोष घरात आहे, रस्त्यावरील तारेत आहे की सेवा देणाऱ्या कंपनीच्या केंद्रात, हे ग्राहकाला स्वतः ओळखता आले, तर निम्मे काम होते. त्यासाठी महागड्या उपकरणांची गरज नसते. योग्य क्रमाने केलेली तपासणी आणि आठवडाभराची नोंद पुरेशी असते.

तमिळनाडूतील तंजावर हे या प्रश्नाच्या जवळजवळ सर्व बाजू एकत्र दिसणारे शहर आहे. जुन्या जाड भिंतींची घरे, डोक्यावरून गेलेल्या तारांची गुंतागुंत, ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात कोसळणारा ईशान्य मोसमी पाऊस आणि किनाऱ्यावरून येणारी चक्रीवादळे या सर्वांचा परिणाम घरगुती जोडणीवर होतो. व्यंकोजी भोसले यांच्यापासून १८५५ मध्ये संस्थान खालसा होईपर्यंत येथे मराठ्यांचे राज्य होते. सरस्वती महाल ग्रंथालयातील मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रे यांमुळे हे नाव महाराष्ट्राला परिचित आहे. त्या काळापासून येथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आजही शहरात आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये येथे 'टायडेल निओ' हे छोटे माहिती तंत्रज्ञान संकुल सुरू झाले. शिक्षण, नोकरी आणि दूर राहणाऱ्या मुलांशी होणारे बोलणे या तिन्ही गोष्टी आता घरातील एका बारीक तारेवर अवलंबून आहेत.

वेळेचे महत्त्व

जोडणी तुटण्याची किंमत प्रत्येक वेळी सारखी नसते. चित्रपट पाहताना दोन मिनिटांचा खंड सोसता येतो; परंतु ऑनलाइन परीक्षा, नोकरीची मुलाखत किंवा डॉक्टरांशी दूरस्थ सल्लामसलत चालू असताना तोच खंड महागात पडतो. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना दरवर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला सादर करावा लागतो. 'जीवन प्रमाण' या व्यवस्थेमुळे २०१४ पासून तो घरबसल्या डिजिटल स्वरूपात देता येतो, आणि मोबाईलच्या कॅमेऱ्याने चेहरा पडताळण्याची सोयही उपलब्ध आहे. मात्र नोव्हेंबर हाच तंजावरकडील भर पावसाचा महिना. चेहऱ्याची पडताळणी अर्ध्यावर थांबली की ज्येष्ठ नागरिकाला पुन्हा बँकेची किंवा टपाल कार्यालयाची वाट धरावी लागते. ८० वर्षे पूर्ण केलेल्यांना हा दाखला १ ऑक्टोबरपासूनच सादर करण्याची मुभा आहे. जोडणी बेभरवशाची असलेल्या घरांनी ती अवश्य वापरावी.

इंटरनेट घरापर्यंत कसे येते?

दोष शोधण्यापूर्वी मार्ग माहीत असणे आवश्यक आहे. आज बहुतेक शहरांत घरगुती इंटरनेट प्रकाशीय तंतूद्वारे, म्हणजेच फायबरद्वारे येते. कंपनीच्या केंद्रातील यंत्रातून निघालेला एक तंतू रस्त्यावरील विभाजकापर्यंत पोहोचतो. तेथे त्यातील प्रकाश १६, ३२ किंवा ६४ वाटांमध्ये विभागला जातो. त्यातील एक वाट खांबावरून किंवा गच्चीवरून घरात येते आणि 'ओएनटी' या पेटीला जोडली जाते. ही पेटी प्रकाशाचे विद्युत संकेतांत रूपांतर करते. बहुधा त्याच पेटीत राऊटरही असतो. तो घरातील फोन, संगणक आणि दूरचित्रवाणी संच यांना वायफायने किंवा लॅन केबलने जोडतो.

याचा अर्थ, मोबाईलच्या पडद्यापासून संकेतस्थळापर्यंत किमान चार टप्पे आहेत : घरातील वायफाय, ओएनटी आणि राऊटर, घर ते केंद्र ही तार, आणि केंद्रापलीकडचे जाळे. 'नेट गेले' हे एकच वाक्य या चारपैकी कोणत्याही टप्प्याविषयी असू शकते. निदान म्हणजे यातील तीन टप्पे निर्दोष ठरवून चौथ्यावर बोट ठेवणे.

काही ठिकाणी अजूनही दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेवरून किंवा स्थानिक केबलचालकाच्या जाळ्यातून जोडणी दिली जाते. तांब्याच्या तारेच्या सांध्यात पावसाचे पाणी शिरले की संकेतांत खरखर वाढते आणि मोडेम पुन्हा पुन्हा संपर्क जुळवू लागतो. अशा जोडणीवर दूरध्वनी असल्यास तो कानाला लावून पाहावा. पावसात खरखर ऐकू येत असेल, तर दोष तारेत आहे. राऊटर बदलून उपयोग होणार नाही.

पहिली पायरी : नोंदवही

दोष मधूनच प्रकट होणारा असेल, तर सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे कागद आणि पेन. सात दिवस प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहाव्यात : संपर्क तुटल्याची वेळ, परत आल्याची वेळ, त्या क्षणी पेटीवर कोणते दिवे लागले होते, आणि घरात किंवा बाहेर काय चालू होते. पाऊस, वीज जाणे, पंप सुरू होणे, मायक्रोवेव्ह चालू असणे यांसारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या नोंदीही कराव्यात.

या नोंदीचे महत्त्व ब्रिटनमधील एका प्रकरणातून जगासमोर आले. वेल्समधील अबेरहोसन या गावात सुमारे १८ महिने रोज सकाळी सात वाजता संपूर्ण गावाचे ब्रॉडबँड कोलमडत असे. तारा बदलूनही फरक पडला नाही. अखेर विद्युत लहरींचा माग काढणारे यंत्र घेऊन अभियंते गावात फिरले, तेव्हा एका घरातील जुना दूरचित्रवाणी संच सुरू होताच तीव्र विद्युत अडथळा निर्माण होत असल्याचे आढळले. संच बंद केल्यावर गावाचा प्रश्न सुटला. २०२० मध्ये हे प्रकरण उघड झाले. 'रोज सकाळी सात' ही वेळच त्यातील मुख्य धागा होती. तांब्याच्या तारेला असा अडथळा बाधतो, फायबरला बाधत नाही. परंतु वेळेची नोंद ठेवण्याचा धडा दोन्हींना लागू आहे.

नोंदीतून साधारणपणे असे निष्कर्ष निघतात. रोज रात्री आठ ते अकरा या वेळेतच त्रास होत असेल, तर शेजारच्या वायफायची गर्दी किंवा कंपनीच्या जाळ्यावरील ताण संभवतो. पावसातच होत असेल, तर बाहेरील तार किंवा सांधा. दुपारच्या उन्हातच होत असेल, तर तापलेली पेटी. विजेच्या चढउताराबरोबर होत असेल, तर अडॅप्टर किंवा इन्व्हर्टर. आणि केवळ एकाच खोलीत होत असेल, तर वायफाय.

दुसरी पायरी : पेटीवरील दिवे

ओएनटीवरील दिवे हे या यंत्राचे बोलणे होय. संपर्क तुटताच पेटी बंद-चालू करण्याची घाई करू नये. आधी दिव्यांचे छायाचित्र काढावे.

'पॉवर'चा दिवा विझून पुन्हा लागत असेल, तर पेटीला वीजच नीट मिळत नाही. 'एलओएस' असे लिहिलेला दिवा लाल होऊन लुकलुकत असेल, तर केंद्राकडून येणारा प्रकाश पेटीपर्यंत पोहोचत नाही. तार तुटली आहे, वाकली आहे किंवा तिचा जोड सैल आहे, असा त्याचा अर्थ होतो. हा दिवा लाल असताना राऊटरच्या रचनेत केलेले बदल व्यर्थ असतात. 'पॉन' हा दिवा लुकलुकत असेल, तर पेटी केंद्राशी नोंदणीचा प्रयत्न करीत आहे. तो स्थिर हिरवा असेल, तर तारेचा मार्ग जुळलेला आहे. 'पॉन' स्थिर आहे, परंतु 'इंटरनेट'चा दिवा विझलेला किंवा लाल आहे, अशी स्थिती असेल तर खाते, पासवर्ड किंवा केंद्रातील यंत्रणा यांकडे संशय जातो. सर्व दिवे हिरवे असूनही फोनवर काही उघडत नसेल, तर बहुधा दोष घरातील वायफायचा किंवा नावांचे पत्त्यांत रूपांतर करणाऱ्या सेवेचा असतो.

तिसरी पायरी : तारेने जोडून पाहणे

वायफाय आणि बाहेरील जोडणी यांत फरक करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे संगणक लॅन केबलने थेट पेटीला जोडणे आणि दिवसभर तसाच वापरणे. तारेवर संपर्क टिकतो व वायफायवर तुटतो, असे आढळल्यास कंपनीकडे तक्रार करण्याचे कारण उरत नाही. तारेवरही तुटत असेल, तर पुढील तपासणी करावी.

संगणकाच्या कमांड खिडकीत 'पिंग' ही आज्ञा इंग्रजीत देऊन तीन ठिकाणी हाक मारता येते. पहिली हाक घरच्या राऊटरला. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असा असतो आणि तो पेटीच्या तळाशी छापलेला असतो. दुसरी हाक बाहेरील एखाद्या सार्वजनिक पत्त्याला, उदाहरणार्थ गुगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला. तिसरी हाक एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला.

राऊटरकडूनच उत्तर येत नसेल, तर दोष घरात आहे. राऊटर उत्तर देतो, पण बाहेरील पत्ता देत नाही, अशा वेळी दोष तारेत किंवा कंपनीकडे आहे. दोन्ही उत्तर देतात आणि केवळ संकेतस्थळाचे नाव ओळखले जात नाही, तर नावांचे पत्त्यांत रूपांतर करणारी 'डीएनएस' सेवा अडखळत आहे. राऊटरमध्ये कंपनीच्या डीएनएसऐवजी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ हे पत्ते भरल्यास हा शेवटचा दोष बहुधा दूर होतो. दुसऱ्या स्थितीत मात्र ग्राहकाने घरात आणखी काही करण्यासारखे फारसे उरत नाही. तेथे तक्रारच करावी.

जुन्या घरांतील वायफाय

तंजावरच्या जुन्या भागात, विशेषतः राजवाड्याभोवतालच्या चार मुख्य वीथींच्या परिसरात, लांबट घरे आढळतात. रस्त्याकडे ओटी, तमिळमध्ये तिला तिण्णै म्हणतात. मग चौक, माजघर, स्वयंपाकघर आणि शेवटी परसदार. तार रस्त्याकडून येते, त्यामुळे तंत्रज्ञ पेटी पुढच्या खोलीतच बसवून जातो. मागच्या खोलीपर्यंत जाताना वायफायला तीन-चार जाड विटांच्या भिंती पार कराव्या लागतात. कोकणातील, वाईतील किंवा पुण्यातील पेठांमधील वाड्यांचीही हीच स्थिती आहे. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी आणि सिमेंट काँक्रीटचा स्लॅब हेही लहरींना अडवितात.

वायफाय प्रामुख्याने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांवर चालते. पहिल्याचा पल्ला लांब, पण वेग कमी आणि गर्दी अधिक. ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह शेगडीही त्याच पट्ट्यात असतात. दुसऱ्याचा वेग अधिक, पण भिंतीपुढे तो लवकर हतबल होतो. अनेक राऊटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात. मग मधल्या खोलीत बसलेला फोन कधी या पट्ट्यावर, कधी त्या पट्ट्यावर उड्या मारतो, आणि प्रत्येक उडीला संपर्क क्षणभर तुटतो. दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे दिल्यास हा त्रास थांबतो की नाही, हे एका दिवसात कळते. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात १, ६ आणि ११ या तीनच वाहिन्या परस्परांवर आक्रमण करीत नाहीत. शेजाऱ्यांकडे ज्या वाहिनीची गर्दी कमी, ती निवडावी.

लांबट घरात खरा उपाय म्हणजे पेटी घराच्या मध्यावर हलविणे, किंवा लॅन केबल टाकून मागच्या भागात दुसरे वायफाय केंद्र बसविणे. केवळ भिंतीत खोचायचा विस्तारक घेतल्यास तो दुर्बळ संकेतच पुढे पाठवितो. दुसरा राऊटर जोडताना एक काळजी घ्यावी : दोन्ही राऊटर स्वतंत्रपणे उपकरणांना पत्ते वाटू लागले, तर गोंधळ होऊन संपर्क तुटतो. पत्ते वाटण्याचे काम एकाकडेच ठेवावे आणि दुसऱ्याला 'ॲक्सेस पॉइंट' या स्थितीत चालवावे.

उष्णता आणि वीज

तंजावरमध्ये एप्रिल-मे महिन्यांत कमाल तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. शोभेसाठी बंद कपाटात किंवा दूरचित्रवाणी संचामागे ठेवलेली पेटी अशा वेळी तापते आणि स्वतःहून बंद-चालू होते. पेटी मोकळ्या हवेत, उभी आणि धूळमुक्त ठेवणे हा बिनखर्ची उपाय आहे.

पेटीला बहुधा १२ व्होल्टचा अडॅप्टर असतो. काही वर्षांनी तो थकतो, पुरेसा प्रवाह देऊ शकत नाही आणि वायफायवर भार वाढला की पेटी पुन्हा सुरू होते. राऊटरच्या माहितीपानावर 'अपटाइम', म्हणजे पेटी किती वेळ अखंड चालू आहे, हे दिसते. संपर्क तुटल्यानंतर तो आकडा शून्यापासून सुरू झाला असेल, तर दोष विजेचा किंवा पेटीचा आहे; आकडा वाढतच असेल, तर दोष अन्यत्र आहे. ही एक नोंद अनेक दिवसांचा संभ्रम मिटविते.

इन्व्हर्टर असलेल्या घरातही वीज जाताच क्षणभराचा खंड पडून पेटी बंद होते आणि पुन्हा सुरू होण्यास दोन-तीन मिनिटे घेते. केवळ राऊटरसाठी मिळणारा छोटा बॅटरी संच बसविल्यास हा खंड नाहीसा होतो. तमिळनाडूत उपकेंद्रनिहाय नियोजित देखभालीसाठी दिवसा वीज बंद ठेवण्याची प्रथा आहे आणि त्याची सूचना आधी दिली जाते. त्या दिवशी घरात इन्व्हर्टर असूनही इंटरनेट जात असेल, तर रस्त्यावरील किंवा इमारतीतील केबलचालकाच्या यंत्राला वीज नाही, असे समजावे. फायबरच्या विभाजकाला स्वतःची वीज लागत नाही. त्यामुळे कंपनीच्या केंद्रात पर्यायी वीज असेल, तर फायबरची जोडणी अशा दिवशीही टिकू शकते. नवी जोडणी घेताना 'घरापर्यंत फायबर आहे की केवळ गल्लीपर्यंत?' हा प्रश्न म्हणूनच विचारावा.

बाहेरील तार : पाऊस, वादळ आणि रथ

प्रकाशाची तीव्रता 'डीबीएम' या एककात मोजली जाते आणि ओएनटीच्या माहितीपानावर ती उणे आकड्यात दिसते. प्रचलित पद्धतीच्या फायबर जोडणीत साधारणपणे उणे ८ ते उणे २७ यांदरम्यानचा आकडा चालतो. उणे २० हा आकडा निरोगी मानावा. उणे २६ किंवा २७ म्हणजे जोडणी काठावर आहे. तीन एककांची घट म्हणजे प्रकाश निम्मा झाला, असा हिशेब आहे. कोरड्या दिवशी उणे २१ आणि पावसात उणे २७ असा फरक दिसत असेल, तर कुठल्या तरी सांध्यात पाणी शिरते आहे किंवा वाऱ्याने तार ताणली जाते आहे, याचा तो भक्कम पुरावा होय.

घरातही फायबरला जपावे लागते. दाराच्या फटीत चेमटलेली, खिळ्याला गुंडाळलेली किंवा तीन सेंटिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वाकविलेली तार प्रकाश गळू देते. उंदीर आणि मुंग्याही तिचे नुकसान करतात. जोडाचे टोक बोटाने पुसू नये आणि त्यात डोळा घालून पाहू नये. त्यातील प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण तो लेझरचा असतो.

अनेक घरांचा संपर्क एकाच वेळी तुटत असेल, तर आणखी एक शक्यता असते. एका विभाजकावरील सर्व घरे केंद्राकडे माहिती पाठविताना एकच तंतू आळीपाळीने वापरतात. एखाद्या घरातील बिघडलेली पेटी आपली पाळी सोडून सतत प्रकाश टाकू लागली, तर शेजारच्या सर्वांचे इंटरनेट अडखळते. हा दोष कोणत्याही एका घरात तपासून सापडत नाही. तो केंद्रातूनच शोधावा लागतो. त्यामुळे शेजाऱ्यांनी वेळा जुळवून एकत्रित तक्रार करणे हितावह ठरते.

वादळाचा तडाखा वेगळ्याच प्रमाणावर बसतो. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी पहाटे 'गज' चक्रीवादळ नागपट्टिणम आणि वेदारण्यम यांच्या दरम्यान किनाऱ्यावर धडकले. तंजावर जिल्ह्यातील पट्टुकोट्टै आणि पेरावूरणी भागांतील नारळाच्या बागा त्यात जमीनदोस्त झाल्या. विजेचे खांब मोठ्या संख्येने कोसळले आणि काही गावांत वीजपुरवठा पूर्ववत होण्यास अनेक दिवस लागले. खांबांच्या आधाराने नेलेली संपर्काची तार खांबाबरोबरच जमिनीवर येते; जमिनीखालून गेलेली तार वाऱ्यापासून वाचते. अशा काळात एकाच माध्यमावर विसंबून न राहता, तारेच्या कंपनीपेक्षा वेगळ्या कंपनीचे मोबाईल सिम घरात ठेवणे व्यवहार्य ठरते.

खेड्यांपर्यंत फायबर नेण्याची 'भारतनेट' योजना २०११ मध्ये राष्ट्रीय प्रकाशीय तंतू जाळे या नावाने मंजूर झाली होती. तमिळनाडूत ती राबविण्यासाठी 'तमिळनाडू फायबरनेट महामंडळ' स्थापन करण्यात आले असून, राज्यातील १२,५२५ ग्रामपंचायती जोडण्याचे उद्दिष्ट त्यापुढे ठेवण्यात आले.

तंजावरची आणखी एक स्थानिक बाब म्हणजे रथोत्सव. बृहदीश्वर मंदिराचा रथ दीर्घ खंडानंतर २०१५ पासून पुन्हा मुख्य वीथींतून निघू लागला. उंच रथ जाताना वरच्या तारांचा धोका किती भयंकर असतो, हे २७ एप्रिल २०२२ रोजी तंजावरजवळील कळिमेडु येथे दिसून आले. तेथे मंदिराचा रथ उच्च दाबाच्या वीजवाहिनीच्या संपर्कात येऊन ११ जणांचा मृत्यू झाला. मिरवणुकीच्या मार्गावर वीज बंद ठेवणे किंवा आडव्या तारा हटविणे ही जीवितरक्षणाची बाब आहे. त्या काही तासांचा खंड हा दोष नव्हे. मात्र उत्सव संपल्यावर घाईने पुन्हा जोडलेली तार सैल राहिली, तर त्यानंतर सुरू झालेल्या त्रासाची तारीख नोंदवहीत असावी.

दोष फार दूरचाही असू शकतो. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालील केबल तुटल्या, तेव्हा भारतातील इंटरनेट मंदावले होते. देशातील संकेतस्थळे नीट उघडतात आणि परदेशातील काहीच अडखळतात, असे दिसल्यास घरातील पेटीला दोष देऊ नये.

तक्रार आणि भरपाई

तपासणीनंतर दोष कंपनीकडे असल्याचे दिसल्यास तक्रार कंपनीच्या तक्रार केंद्रातच नोंदवावी. गल्लीतील ओळखीच्या तंत्रज्ञाला केलेला दूरध्वनी ही तक्रार ठरत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजेच 'ट्राय'च्या २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक तक्रारीला स्वतंत्र क्रमांक देणे कंपनीवर बंधनकारक आहे. तो क्रमांक हातात नसेल, तर पुढील कोणताही हक्क सिद्ध करणे कठीण जाते. तक्रारीत 'नेट सारखे जाते' असे मोघम न लिहिता, 'सात दिवसांत इतक्या वेळा, या वेळांना, लाल दिवा लागून, तारेने जोडलेल्या संगणकावरही संपर्क तुटला' असे लिहावे. सोबत दिव्यांची छायाचित्रे आणि प्रकाशाच्या तीव्रतेचे आकडे द्यावेत.

तंत्रज्ञ आला तेव्हा जोडणी चालू होती, एवढ्यावर तक्रार बंद करण्यास संमती देऊ नये. निवारण झाल्याची खात्री पटेपर्यंत मोबाईलवर आलेला सांकेतिक क्रमांक सांगू नये. तक्रार असमाधानकारक रीतीने बंद झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क दाद मागता येते. अपिलाचा निकाल ३९ दिवसांत देणे अपेक्षित आहे. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करीत नाही. त्यापुढे केंद्र सरकारच्या सार्वजनिक तक्रार संकेतस्थळावरून दूरसंचार विभागाकडे जाता येते.

ट्रायचे सेवेच्या दर्जाविषयीचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. त्यानुसार तारेच्या जोडणीतील दोष तीन दिवसांत दूर न केल्यास ग्राहकाला भरपाई देण्याची जबाबदारी कंपनीवर आहे. संपूर्ण जिल्ह्यातील सेवा २४ तासांहून अधिक काळ बंद राहिल्यास देयकात सूट किंवा मुदतवाढ देण्याचीही तरतूद आहे. येथे दोष नोंदविल्याची तारीख आणि वेळ निर्णायक ठरते. म्हणून प्रत्येक वेळी नवी तक्रार नोंदविणे महत्त्वाचे आहे.

ग्राहक न्यायालयाचा मार्गही खुला आहे. दूरसंचार सेवेविषयीच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढे चालू शकतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात दिला. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या सेवेसाठी जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ असून, तेथे तमिळप्रमाणेच मराठीतही बोलता येते. परप्रांतात राहणाऱ्या, स्थानिक भाषा सहज न येणाऱ्या ग्राहकांसाठी ही सोय विशेष उपयुक्त आहे.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. इंटरनेट बंद पडल्यावर कंपनीचा मदत क्रमांक शोधताना अनेकजण बनावट क्रमांकांच्या जाळ्यात अडकतात. क्रमांक देयकावरून किंवा कंपनीच्या अधिकृत ॲपवरूनच घ्यावा. दुरुस्तीच्या नावाखाली फोनवर एखादे ॲप बसविण्यास किंवा बँकेचा सांकेतिक क्रमांक सांगण्यास कोणी सुचविल्यास तो संवाद तेथेच थांबवावा. फसवणूक झालीच, तर १९३० या सायबर मदतवाहिनीवर तत्काळ कळवावे.

थोडक्यात क्रम असा : आधी नोंद, मग दिवे, मग तारेने जोडून तपासणी, त्यानंतर घरातील वायफाय, उष्णता आणि वीज, आणि शेवटी लेखी पुराव्यासह तक्रार. पेटी पुन्हा पुन्हा बंद-चालू केल्याने संपर्क तात्पुरता परत येतो, पण दोषाचा मागही त्याबरोबर पुसला जातो. ऑक्टोबरमधील पावसाची पहिली सर येण्यापूर्वी कोरड्या दिवसातील प्रकाशाचा आकडा एकदा लिहून ठेवला, तर नोव्हेंबरमध्ये तुलनेसाठी तोच आकडा सर्वांत उपयोगी पडतो.